घळीच्या तळातून दिसणारे आकाश : सांधण दरीचे रात्रीचे छायाचित्रण

ज्या दरीची खोली तिच्या रुंदीच्या अनेक पट असते, जिच्या भिंती जवळजवळ उभ्या असतात आणि जिच्या तळाशी उभे राहिले असता आकाशाची केवळ एक पट्टी दिसते, अशी दरी भूरूपशास्त्रात इतर दऱ्यांपासून वेगळी धरली जाते. मराठीत तिला घळ म्हणतात, आणि सह्याद्रीच्या धारेवरून कोकणात उतरणारी घळ असेल तर नाळ. अशा घळींचे जगभरच्या छायाचित्रकारांना जे आकर्षण आहे, ते मुख्यतः अमेरिकेतील ॲरिझोना आणि युटा या राज्यांच्या वाळवंटी घळींनी निर्माण केले आहे. ॲरिझोनातील अँटिलोप कॅन्यन ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध घळ असून तिच्या लालसर, लाटांसारख्या भिंतींची छायाचित्रे भिंतीवरच्या दिनदर्शिकांपासून संगणकाच्या पडद्यांपर्यंत सर्वत्र पोहोचली आहेत. महाराष्ट्रात वाळवंट नाही आणि त्या जातीचा वालुकाश्मही नाही. तथापि घळ आहे, तीही त्या घळींच्या तोडीची, आणि तिचे रात्रीचे छायाचित्रण हा स्वतंत्रपणे समजून घेण्याजोगा विषय आहे, कारण वाळवंटातले नियम तिथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

ही घळ म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील साम्रद गावाजवळची सांधण दरी. रतनगड, अलंग-मदन-कुलंग आणि आजोबा या डोंगरांच्या मधोमध ती घाटमाथ्याला चिरून स्थूलमानाने पश्चिमेकडे, कोकणाच्या बाजूला उतरत जाते. तिची लांबी सुमारे दोन किलोमीटर आणि खोली साधारण दोनशे फूट, काही ठिकाणी त्याहूनही अधिक, सांगितली जाते; रुंदी मात्र कुठे काही मीटर, तर कुठे जेमतेम काही फूट आहे. नाशिक जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बागलाण तालुक्यात मोसम नदीच्या खोऱ्यात वसलेल्या नामपूरहून निघणाऱ्याला सटाणा, नाशिक, घोटी आणि भंडारदरा असा प्रवास करून तिथे पोहोचता येते. नामपूरच्या वाचकाला या कातळाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही, कारण पश्चिमेकडचे साल्हेर-मुल्हेरचे डोंगर आणि मांगी-तुंगीचे सुळके त्याच बेसाल्टचे आहेत. फरक आहे तो पावसाचा. बागलाण पर्जन्यछायेत येतो, तर साम्रद-घाटघरचा पट्टा महाराष्ट्रातील अतिवृष्टीच्या पट्ट्यांपैकी एक आहे. सांधणला वाळवंटी घळीचे रूप आहे, पण तिला घडवणारे पाणी वाळवंटाचे नाही.

दोन्ही प्रकारच्या घळींतील खरा भेद खडकाचा आहे. अँटिलोप कॅन्यन ज्या खडकात कोरली गेली, तो नावाहो वालुकाश्म म्हणजे ज्युरासिक कालखंडाच्या आरंभी वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या घट्ट होऊन बनलेला खडक आहे. त्याचे कण लोहाच्या ऑक्साइडाने रंगलेले असल्यामुळे तो लालसर दिसतो आणि मऊ असल्यामुळे पुराचे पाणी त्याला गोल, वळणदार आकार देते. सांधणचा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्हाच्या थरांचा बेसाल्ट. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्यात उभ्या भेगा पडतात. या भेगांना संधी म्हणतात, आणि पाणी प्रथम त्यांतच शिरते. बेसाल्टलाही पाणी गोलाई देऊ शकते, हे पारनेर तालुक्यातील निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळग्यांवरून दिसतेच. परंतु सांधणसारख्या घळीत भिंतींचा आकार मुख्यतः भेगांनी ठरवला जातो, म्हणून तिथे वक्र रेषांपेक्षा उभे कडे, तुटलेले कोपरे आणि तळाशी पडलेले प्रचंड धोंडे अधिक आढळतात. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लाव्हाच्या थरांच्या आडव्या रेषा दिसतात, आणि चित्राची रचना करताना डोळ्याला धरून ठेवणारी गोष्ट म्हणून या रेषांचा उपयोग होतो.

खडकाच्या भेदाचा छायाचित्रणावर होणारा परिणाम आकाराहून रंगात जास्त जाणवतो. वालुकाश्माच्या घळीत जो तांबूस-नारिंगी उजेड भरून राहिलेला दिसतो, तो थेट सूर्याचा नसतो. वरच्या काठावर पडलेला प्रकाश एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर असा अनेकदा परावर्तित होत खाली येतो आणि प्रत्येक खेपेस खडक त्यातला निळा भाग गिळून लाल भाग पुढे पाठवतो. समजा, एखादा लाल खडक लाल प्रकाशापैकी निम्मा आणि निळ्यापैकी दहावा हिस्सा परत फेकतो. तर तीन परावर्तनांनंतर लाल प्रकाशाचा आठवा भाग उरेल, पण निळ्याचा केवळ हजारावा. उजेड कमी होताना तो अधिकाधिक लाल होत जातो, तो या कारणाने. करड्या-काळ्या बेसाल्टच्या बाबतीत मात्र सर्वच रंगांचा साधारण दहावा हिस्सा परत येतो असे धरले, तर तीन परावर्तनांनंतर सगळ्याच रंगांचा हजारावा भाग शिल्लक राहतो. त्यामुळे सांधणमध्ये आतून प्रकाशणारी भिंत मिळत नाही. जिथे प्रकाश थेट पडतो तिथे कातळ दिसतो आणि जिथे पडत नाही तिथे तो जवळजवळ पूर्ण काळा होतो. संगणकावर रंग ओढून सांधणला ॲरिझोना करू पाहणारी छायाचित्रे अलीकडे पुष्कळ दिसतात. खडकाचा स्वभाव पाहता ती खोटी ठरतात, आणि देखणी तर क्वचितच असतात.

खडकानंतर प्रश्न येतो आकाशाचा, आणि घळीच्या रात्रीच्या छायाचित्रणात सर्वांत दुर्मीळ वस्तू आकाश हीच आहे. साठ मीटर उंच भिंती आणि दहा मीटर रुंदी असलेल्या भागात मधोमध उभे राहिले, तर दोन्ही बाजूंना डोक्याच्या नेमक्या वरच्या बिंदूपासून, ज्याला खमध्य म्हणतात त्यापासून, पाच अंशांहून थोडे कमी आकाश दिसते. म्हणजे सगळी पट्टी साडेनऊ अंशांची, हात लांब करून मूठ आकाशासमोर धरली असता ती जेवढे झाकते जवळजवळ तेवढी. रुंदी तीन मीटरवर आली की ही पट्टी तीन अंशांखाली जाते. अशा पट्टीतून कोणते तारे दिसतील हे त्या जागेच्या अक्षांशावर ठरते, कारण खमध्यावरून तेच तारे जातात ज्यांची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर, त्या जागेच्या अक्षांशाइतके असते. सांधणचा अक्षांश सुमारे साडेएकोणीस अंश उत्तर आहे. स्वाती या ठळक नारिंगी ताऱ्याची क्रांती सुमारे एकोणीस अंश उत्तर असल्याने तो सांधणच्या जवळजवळ बरोबर माथ्यावरून जातो. मे महिन्याच्या मध्यास ही वेळ रात्री सव्वाअकराच्या आसपास येते. कृत्तिकांचा पुंज आणि रोहिणी हेही खमध्यापासून पाच अंशांच्या आतबाहेर जातात. मृगाचा पट्टा मात्र सुमारे वीस अंश दक्षिणेला राहतो आणि पूर्व-पश्चिम धावणाऱ्या अरुंद भागातून तो दिसत नाही.

आकाशगंगेचे छायाचित्र घेण्याच्या इच्छेने येणाऱ्यांची येथेच निराशा होते. आकाशगंगेचा तेजस्वी गाभा धनू राशीत, सुमारे एकोणतीस अंश दक्षिण क्रांतीवर आहे. म्हणून सांधणच्या अक्षांशावर तो दक्षिणेकडे जास्तीत जास्त साडेएकेचाळीस अंशांपर्यंत चढतो. साठ मीटर उंचीच्या दक्षिण भिंतीवरून तो दिसायचा असेल, तर त्या भिंतीपासून जवळजवळ सत्तर मीटर दूर उभे राहावे लागेल, आणि तेवढी रुंदी अरुंद भागात कुठेही नाही. घळ जिथे कोकणाकडे उघडते तिथे किंवा वरच्या पठारावर तो गाभा मिळेल. परंतु अरुंद घळीच्या बरोबर माथ्यावर धनू राशीचा गाभा झळकताना दाखवणारे चित्र समोर आले, तर आकाश दुसरीकडून आणून तिथे बसवले आहे असे खुशाल समजावे. माथ्यावरून आकाशगंगेचा जो भाग खरोखर जातो, तो श्रवण आणि अभिजित या ताऱ्यांच्या दरम्यानचा आहे. गाभ्याइतका तेजस्वी नसला तरी त्याच्या मधून धुळीची काळी फाळणी गेलेली असल्यामुळे तो चित्रात उठून दिसतो. मेच्या वीस तारखेच्या सुमारास पहाटे साडेचारला, संधिप्रकाश सुरू होण्याच्या जरा आधी, तो खमध्यावर येतो. ऑक्टोबरच्या आरंभी हीच स्थिती सूर्यास्तानंतर काळोख पडता पडता मिळते.

घळीची दिशाही विचारात घ्यावी लागते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे ताशी पंधरा अंशांनी पश्चिमेकडे सरकतात. घळीचा एखादा भाग उत्तर-दक्षिण असेल, तर माथ्यावरचा तारा साडेनऊ अंशांची पट्टी आडवी ओलांडतो आणि जेमतेम चाळीस मिनिटांत दिसेनासा होतो. भाग पूर्व-पश्चिम असेल, तर तोच तारा पट्टीच्या लांबीने प्रवास करतो आणि वळणाची भिंत आड आली नाही तर काही तास दिसत राहतो. सांधण वळणे घेत उतरते, त्यामुळे एकाच रात्री वेगवेगळ्या वळणांवर आकाशाचे गणित वेगळे असते. दिवसा होकायंत्र घेऊन प्रत्येक वळणाची दिशा टिपून ठेवणे हे उत्तम भिंग विकत घेण्यापेक्षा अधिक फलदायी असते.

चंद्रालाही हेच गणित लागू आहे. पौर्णिमेचा चंद्र आकाशात सूर्याच्या समोरच्या बाजूस असतो. म्हणून उन्हाळ्यात सूर्य माथ्यावरून जात असताना ज्येष्ठाचा पूर्ण चंद्र दक्षिणेला खाली राहतो आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकला की पूर्ण चंद्र डोक्यावर चढतो. कोजागरीपासून माघी पौर्णिमेपर्यंतच्या पाच पौर्णिमा म्हणूनच घळीसाठी महत्त्वाच्या आहेत. यांपैकी नेमक्या कोणत्या पौर्णिमेचा चंद्र खमध्यातून जाईल हे दरवर्षी सारखे नसते, कारण चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे आणि हा कल १८.६ वर्षांच्या चक्रात फिरत राहतो. २०२४-२५ च्या सुमारास या चक्राचे एक टोक आले होते. अशा वर्षांत मार्गशीर्ष-पौषाचा पूर्ण चंद्र सांधणच्या माथ्याच्याही पलीकडे, काही अंश उत्तरेकडून जातो, आणि त्याऐवजी आधीच्या वा नंतरच्या पौर्णिमा जुळून येतात. २०२५ च्या त्रिपुरी पौर्णिमेचा चंद्र याच कारणाने माथ्याच्या अगदी जवळून गेला. चंद्र खमध्याजवळ असताना पूर्व-पश्चिम भागाच्या तळापर्यंत चांदणे थेट उतरते आणि दोन्ही भिंतींना चाटत जाते, त्यामुळे कातळाचा खडबडीतपणा सावल्यांसह उमटतो. काळ्या बेसाल्टला असा थेट प्रकाशच उजळू शकतो.

आता उजेडाचे प्रमाण पाहू. छायाचित्रात किती प्रकाश नोंदला जाईल हे तीन गोष्टी ठरवतात : शटर किती वेळ उघडे राहते, भिंगाचे छिद्र केवढे आहे आणि सेन्सरची संवेदनक्षमता, म्हणजे आयएसओ, किती ठेवली आहे. यांतील प्रत्येक दुपटीला किंवा निमपटीला छायाचित्रकार एक स्टॉप म्हणतात. लख्ख उन्हात एफ १६ छिद्र आणि १०० आयएसओ असताना सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो, हा जुना ठोकताळा आहे. पूर्ण चंद्राचा उजेड उन्हाच्या सुमारे चार लाखावा भाग असल्याने त्याच मांडणीत चार हजार सेकंद लागतील. छिद्र एफ २.८ केले तर बत्तीस पट प्रकाश आत येतो आणि वेळ सव्वाशे सेकंदांवर येतो. आयएसओ १६०० केला तर तो आठ सेकंदांच्या आत उतरतो. म्हणजे माथ्यावरच्या पूर्ण चंद्रात सांधणचे चित्र साध्या कॅमेऱ्याने आणि भक्कम तिवईने सहज मिळते. अर्धा चंद्र या हिशेबात निम्मा धरू नये; चंद्राचा पृष्ठभाग समोरून उजळतो तेव्हा विशेष तेजस्वी दिसत असल्याने अष्टमीच्या चंद्राचा उजेड पौर्णिमेच्या जेमतेम दहावा भाग असतो.

चंद्र नसलेल्या रात्री उघड्या माळावरही उजेड पूर्ण चंद्राच्या सुमारे अडीचशेवा भाग उरतो. म्हणजे वरच्याच मांडणीत आठ सेकंदांची तेहतीस मिनिटे होतात. घळीच्या तळाला मात्र सगळे आकाश दिसत नाही. साडेनऊ अंशांच्या पट्टीतून उघड्या जमिनीला मिळणाऱ्या प्रकाशाचा सुमारे बारावा हिस्सा खाली पोहोचतो, म्हणून तेहतीस मिनिटांचे साडेसहा तासांहून अधिक होतात. रात्र रात्रीसारखीच दिसावी म्हणून दोन-तीन स्टॉप कमी प्रकाश घेतला, आयएसओ आणखी वाढवला, तरीही हे प्रकरण व्यवहाराच्या बाहेर राहते. निव्वळ ताऱ्यांच्या उजेडात अरुंद घळीचा कातळ आणि आकाश एकाच वेळी टिपणे जवळजवळ अशक्य आहे. अमावास्येच्या रात्री काढलेल्या अशा चित्रात कातळ स्पष्ट दिसत असेल, तर तो उजेड कुठून तरी आणलेला असतो.

तो आणण्याचे दोन प्रामाणिक मार्ग आहेत. पहिला म्हणजे संधिप्रकाशाचा : सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी आकाश गडद निळे झालेले असते आणि घळीत मंद, सावलीविरहित उजेड असतो, त्या वेळी कातळाचे चित्र घ्यायचे, तिवई तसूभरही न हलवता काळोख पडेपर्यंत थांबायचे आणि मग त्याच चौकटीत ताऱ्यांचे चित्र घ्यायचे. पुढे संगणकावर दोन्ही एकत्र केली, तरी जागा, दिशा आणि रात्र एकच असते. दुसरा मार्ग दिव्याने कातळ रंगवण्याचा आहे. शटर उघडे असताना विजेरीचा झोत भिंतीवरून हळूहळू फिरवला, की जिथे झोत अधिक काळ रेंगाळतो तिथे चित्र अधिक उजळते. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे दहा मीटरवरच्या भिंतीला पाच मीटरवरच्या भिंतीच्या चौपट वेळ द्यावा लागतो. नवशिक्यांच्या चित्रात जवळचा धोंडा पांढराफटक आणि मागची भिंत काळीकुट्ट असते, ती याच हिशेबाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. कॅमेऱ्याशेजारी उभे राहून टाकलेला झोत कातळाला सपाट करतो. तोच बाजूने, भिंतीला घासून टाकला तर प्रत्येक भेग आणि थराची प्रत्येक रेषा सावलीने उठून येते. ओल्या कातळावर आणि पाण्याच्या डोहांवर झोताचे थेट प्रतिबिंब चमकते, ते टाळण्यासाठी दिवा छतासारख्या एखाद्या कडेवरून परावर्तित करून घ्यावा. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये लाव्हातील वायूच्या पोकळ्या झिओलाइट या पांढऱ्या खनिजाने ठिकठिकाणी भरलेल्या असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्याचे देखणे नमुने ठेवलेले आहेत. कातळात अशा पोकळ्या असल्या, तर तिरप्या झोतात त्या ठिपक्यांसारख्या चमकतात, आणि काळ्या भिंतीला असे ठिपके शोभतात.

यंत्रसामग्रीविषयी थोडेच सांगावे लागते. तारे रेषा न होता बिंदूच राहावेत म्हणून किती सेकंद शटर उघडे ठेवावे, याचा रूढ ठोकताळा असा की पूर्ण आकाराच्या सेन्सरवर पाचशेला भिंगाच्या नाभीय अंतराने भागावे. वीस मिलिमीटरच्या भिंगाला पंचवीस सेकंद येतात. आजच्या बारीक सेन्सरांवर पाचशेऐवजी तीनशे धरणे बरे, म्हणजे पंधरा सेकंद. अंधारात स्वयंचलित फोकस चालत नाही, म्हणून पडद्यावर स्वातीसारखा ठळक तारा मोठा करून हाताने फोकस करावा आणि ती कडी चिकटपट्टीने स्थिर करावी. सेन्सरचा खरखरीतपणा कमी करायचा असेल, तर एकाच चौकटीची अनेक चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढतात. सोळा चित्रांनी खरखर चौथाई होते, कारण ती चित्रांच्या संख्येच्या वर्गमुळाने घटते. मेच्या उष्ण रात्री सेन्सर तापून ही खरखर वाढते, तर डिसेंबरात भिंगावर दव साचते. या दोहोंपैकी दव पुसता येते, उष्णतेला इलाज नाही. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या दिव्याची एक झलक ती मोडते, म्हणून वाट पाहण्यापुरता मंद लाल दिवा वापरावा.

रात्र निवडण्यासाठी परदेशी ॲपांइतकीच घरातली दिनदर्शिका उपयोगी पडते. संकष्टी चतुर्थीला चंद्रोदयाची वेळ छापलेली असतेच. ती रात्री साधारण नऊच्या आसपास असते आणि पुढे दररोज सरासरी पन्नास मिनिटांनी चंद्र उशिरा उगवतो. त्यामुळे वद्य नवमी-दशमीपासून अमावास्येपर्यंत मध्यरात्रीपूर्वीचे आकाश काळे मिळते आणि शुद्ध पक्षाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत उत्तररात्रीचे. सराव मात्र सांधणमध्ये करू नये. नामपूर परिसरातील छायाचित्रकाराने फोकस, तिवई आणि झोत यांची उजळणी मोसमच्या खोऱ्यातच, एखाद्या उघड्या खडकासमोर करावी. बागलाणची हिवाळ्यातील कोरडी हवा त्यासाठी उत्तम आहे, तर सांधणच्या पश्चिमेला मुंबई-ठाण्याच्या दिव्यांचा पिवळसर उजेड क्षितिजावर पसरलेला असतो. काळोखी आकाश ही जपण्याजोगी संपत्ती आहे, ही जाणीव भारतात अलीकडची आहे. लडाखमधील हान्लेचा परिसर डिसेंबर २०२२ मध्ये काळोखी आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला आणि महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले काळोखी आकाश उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. सह्याद्रीच्या धारेवर असा दर्जा मिळेल की नाही हा वेगळा प्रश्न. साम्रदच्या पठारावर तंबूंच्या रांगा आणि त्यांची रात्रभर पेटती दिव्यांची माळ पाहता तो सोपा नाही.

घळीतला धोका पाण्याचा असतो, आणि तो तिथे पाऊस पडत नसतानाही येतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अँटिलोप कॅन्यनच्या खालच्या भागात अकरा पर्यटक पुरात वाहून गेले. मुख्य पाऊस तिथून कित्येक मैल दूर झाला होता. सांधणमध्ये पावसाळ्यात उतरण्याचा विचारच करू नये, पण मे महिन्यात वळवाचा पाऊसही क्षणात येतो आणि अंधारात तो कुठे कोसळतो आहे हे तळातून कळत नाही. पट्टीएवढ्या आकाशात ढगांची चाहूल लागेपर्यंत उशीर झालेला असतो. घळीच्या आरंभीच्या डोहांत पावसाळ्यानंतर बराच काळ कमरेएवढे वा त्याहून खोल पाणी राहते आणि खालच्या टप्प्यात दोरावरून उतरावे लागते. म्हणून रात्रीचे काम वरच्या भागापुरतेच ठेवावे, जागा दिवसाउजेडी ठरवून तिथून न हलावे आणि साम्रदचा माहीतगार वाटाड्या सोबत असावा. महादेव कोळी समाजाच्या या गावकऱ्यांना घळीचा प्रत्येक धोंडा ठाऊक आहे. कडा भिजला की वरून दगड सुटतात, तेव्हा शिरस्त्राण ही चैन मानू नये.

हा सर्व प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात येतो. मेच्या उत्तरार्धापासून जूनमधल्या पहिल्या पावसापर्यंत येथील झाडांवर काजवे लुकलुकतात. त्यांचे हे लुकलुकणे म्हणजे नर-मादीची एकमेकांना दिलेली खूण असते, आणि माणसाने लावलेला दिवा ती खूण बुजवतो. आकाशगंगेचा माथ्यावरचा भाग पहाटे मिळण्याचे दिवसही नेमके हेच असतात. त्या चित्रासाठी दिव्याचा मोह होतोच, आणि दिवा तर काजव्यांना घातक. त्यामुळे मेमधील सांधण रात्रीच्या छायाचित्रणासाठी सोडून द्यावी हेच बरे. हिवाळ्यातील पौर्णिमेला दिवा लागत नाही, पाऊस नसतो, आठ सेकंदांत चित्र होते आणि काळ्या कातळाला साजेसा प्रकाश मिळतो. सांधणचे रात्रीचे सर्वोत्तम चित्र ते आहे. प्रवेशाचे शुल्क, रात्री थांबण्याची मुभा आणि कॅमेऱ्याविषयीचे नियम हंगामागणिक बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयाकडून लेखी परवानगी घ्यावी आणि ती मिळाली नाही तर पठारावरूनच परत फिरावे.